तुरा स्वच्छ, घसा बंद: परसातल्या कोंबड्यांच्या देवीचं एक प्रकरण

पहिला फोटो आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी), डावा डोळा मिटलेला, पापणी वाटाण्याएवढी सुजलेली, कोपऱ्यात फेसाळ पाणी. खाली एकच ओळ: "मॅडम, हिला काय झालं?" मी जेवायला बसले होते. डाव्या हाताने उत्तर लिहिलं: सर्दी दिसते, वेगळी ठेवा, पाण्यातून औषध द्या. औषधाचं नावही दिलं. फोटो पाठवणाऱ्या काकींनी दुसऱ्या दिवशी ते दुकानातून आणलं, सांगितल्याबरहुकूम चार दिवस दिलं, आणि पाचव्या दिवशी फोन केला. तीन मेल्या होत्या.

हे सगळं लिहून काढतेय ते त्या डाव्या हाताच्या उत्तरामुळे. कोंबड्यांची देवी, म्हणजे फाऊल पॉक्स, ओळखायला सगळ्यात सोपा रोग मानतात. तुऱ्यावर फोड, फोडावर काळी खपली, झालं निदान. कॉलेजात हाच रोग चित्रावरून ओळखायला देत आणि तो कुणाचाच चुकत नसे. पण चित्रातली कोंबडी नेहमी खपल्यांनी भरलेली असते. माझ्या फोटोतल्या कोंबडीला एकही खपली दिसत नव्हती.

गाव दापोली तालुक्यातलं, खाडीकाठचं. घरामागे नारळ-पोफळीचं आगर, त्यातून फिरणारा पाट, आणि मागच्या पडवीला टेकून जांभ्या दगडाचं बुटकं खुराडं. दिवस भातकापणीचे, पाऊस नुकता सरलेला. आगरात जागोजाग पडलेल्या करवंट्यांत आणि पोफळीच्या विऱ्यांत पाणी साठलं होतं. मी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते आणि खुराड्यापाशी दोन मिनिटं स्वस्थ उभं राहवत नव्हतं, इतके डास. तेव्हाच मनात पहिली शंका आली, पण ती तशीच ठेवून आधी विचारायला बसले.

काकींकडे एकूण ४३ पक्षी होते: दोन कोंबडे, १४ अंड्यावरच्या गावरान कोंबड्या, १२ तलंगा आणि सात आठवड्यांची १५ पिल्लं. तलंगा घरच्या नव्हत्या. महिन्याभरापूर्वी गावात आलेल्या टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या. "सगळ्या लशी झाल्यात" असं तो म्हणाला होता. हे वाक्य मी आजवर इतक्या अंगणांत ऐकलंय की त्याचा अर्थ आता पाठ झालाय: पिल्लं असताना लासोटाचा (मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लस) थेंब डोळ्यात पडला असेल तर पडला असेल. देवीची लस त्यात धरायची नाही.

"कधीपासून चाललंय?"

"पंधरा दिवस झाले असतील. आधी त्या टेम्पोतल्या दोघींना झालं. मग एक-एक करून."

हे "एक-एक करून" मी फोनवरच विचारून घ्यायला हवं होतं. कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, जिला आम्ही कोरायझा म्हणतो, अशी रेंगाळत नाही. ती दोन-चार दिवसांत कळपभर पसरते, नाकातून चिकट घाण येते, तोंडाजवळ नाक नेलं तर कुजकट वास येतो, आणि बरोबर औषध मिळालं तर पक्षी लवकर सावरतात. मानमोडी तर त्याहून वेगाने कळप झोपवते. देवीची चाल मात्र संथ. डास एका पक्ष्याला चावतो, विषाणू त्याच्या सोंडेवर चिकटून राहतो (डासाच्या अंगात तो वाढत नाही, नुसता वाहून नेला जातो), मग दुसऱ्या पक्ष्याला. चावल्यापासून फोड दिसायला चार ते दहा दिवस. कळपातून तो असा महिना-दोन महिने फिरत राहतो. पंधरा दिवसांत एक-एक करून, या चार शब्दांत अर्धं निदान होतं. पण मी पापणीची सूज पाहिली आणि बाकी काही विचारलंच नाही.

अंगणात तोवर चार माणसं जमली होती आणि त्यांच्या तोंडी वेगळाच शब्द होता. बर्ड फ्लू. हसण्यावारी नेण्यासारखी भीती नाही ही. २००६ साली नवापूरला कोंबड्या कशा मारून टाकाव्या लागल्या ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं ते विसरलेले नाहीत, आणि २०२१च्या जानेवारीत तर खुद्द दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता. म्हणून आधी तेवढंच पाहिलं. जिवंत ४० पक्ष्यांपैकी बहुतेक दाण्यावर धावत होते. तुरे निळे-काळे पडलेले नव्हते, पायांच्या नळ्यांवर रक्ताळ डाग नव्हते, डोकी सुजून भोपळे झालेली नव्हती. तीन मरणं, तीही पाच दिवसांत विखरून. आजूबाजूच्या घरांत मर नाही, कावळे-बगळे मेलेले नाहीत. बर्ड फ्लू असता तर चित्र रातोरात पालटलं असतं. यातली एक जरी गोष्ट जुळली असती तर मी पक्ष्याला हात न लावता पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला फोन केला असता. मेलेली कोंबडी उघडायचा तर विचारही केला नसता.

दिवेलागणीला पक्षी खुराड्यात शिरले की पकडायला सोपे जातात. डोक्याला बॅटरी लावून एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. आधी पिल्लं, मग कोंबड्या, शेवटी तलंगा. जो गट सगळ्यात आजारी तो शेवटी, नाहीतर तपासणाऱ्याच्या हातानेच रोग वाटला जातो.

तलंगांमध्ये फारशी शोधाशोध करावीच लागली नाही. उरलेल्या दहापैकी आठ जणींच्या तुऱ्यावर, कल्ल्यांवर (चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांवर), चोचीच्या कडेला आणि पापण्यांवर फोड होते. फोटोतली तलंगही त्यात होती. पापणीच्या आतल्या कडेला, मिटलेल्या डोळ्याआड, तिचा पहिला फोड दडून होता. वरून फक्त सूज आणि पाणी दिसत होतं. चार दिवसांत आता तो बाहेर उमलून आला होता, पिवळट-राखाडी, चामखिळीसारखा खरबरीत.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कोंबडे भांडले, कोंबड्यांनी एकमेकींना टोचलं, तरी तुऱ्यावर काळ्या खपल्या धरतात. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून मी तुरा दोन बोटांत धरून चाचपते. टोचल्याची खपली कातडीवर पसरट बसलेली असते, खाली तुरा मऊ लागतो. देवीच्या खपलीखाली गाठ असते. बोटाला ती टणक, उंचवटलेली लागते आणि खपली नखाने उचलायचा प्रयत्न केला तर खालून ओलसर, रक्ताळलेला दाणेदार मांसल भाग दिसतो. दुसरी खूण वयाची. भांडणाच्या जखमा बहुधा एकाच दिवसाच्या असतात. या आठ जणींच्या अंगावर सगळ्या वयाचे फोड एकत्र होते: कुठे मोहरीएवढी पांढुरकी पुटकुळी, कुठे पिवळा फोड, कुठे तपकिरी खपली, कुठे खपली पडून राहिलेला गुळगुळीत वण. एकाच तुऱ्यावर तीन आठवड्यांचा इतिहास. पायाच्या खवल्यांकडेही पाहून घेतलं, कारण खरजेच्या किड्याने पाय खडबडीत होतात ते कधी कधी देवीच्या नावावर खपतं. ते नव्हतं. डोळ्याभोवती चिकटून बसणाऱ्या पिसवाही नव्हत्या. त्यांचा काळा झुबका खपलीसारखाच भासतो, पण भिंगाखाली पाय हलताना दिसतात.

इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. आता निदान बोलून टाकावं आणि चहा घ्यावा, असं वाटण्याचीच ती वेळ.

कोंबड्या तपासताना एक तांबडी कोंबडी मी सरसकट ठीक म्हणून बाजूला ठेवली होती. तुरा लालभडक, स्वच्छ. कल्ले स्वच्छ. डोळे टपोरे. तलंगा संपवून हात धुवायला उठले तर ती डालग्याखाली मान उंच ताणून उभी होती, चोच किंचित उघडी, आणि दर श्वासाला एक बारीक आवाज येत होता. घुर्र नाही, शिट्टीही नाही. ओल्या दाराची बिजागरी करते तसा. पुन्हा बाहेर काढली. काकींनी तिला काखेत धरलं, मी अंगठा आणि तर्जनी चोचीच्या सांध्यात घालून तोंड उघडलं आणि बॅटरी खाली वळवली.

जिभेच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या तोंडावर, पनीरच्या तुकड्यासारखा पिवळट थर बसला होता. टाळूच्या फटीच्या कडेलाही तसेच दोन ठिपके. श्वासाला जागा उरली होती ती गव्हाच्या दाण्याएवढी. चिमट्याच्या टोकाने थराची कड उचलली तर तो सुटेना, आणि सुटला तिथून रक्त आलं. ही ओली देवी. तुऱ्यावर येते ती कोरडी. विषाणू एकच, रोग एकच, पण कोरड्या देवीने कोंबडी बहुधा मरत नाही, महिन्याभरात खपल्या गळून उभी राहते. ओली देवी गुदमरवून मारते. आणि तिला तुऱ्यावर काही लिहून ठेवायची गरज पडत नाही.

मग सगळे ४० पक्षी पुन्हा काढले, फक्त चोच उघडायला. कंटाळवाणं काम आहे, रात्रीचे साडेनऊ झाले. हिशोब असा निघाला: तलंगांमध्ये आठ, त्यातल्या दोघींच्या तोंडातही थर. कोंबड्यांमध्ये पाच, त्यातल्या तिघींच्या फक्त तुऱ्यावर, दोघींच्या फक्त घशात. एका कोंबड्याच्या कल्ल्यावर एकुलती एक गाठ. एकूण १४. चोच उघडली नसती तर मी १२ म्हटलं असतं आणि राहिलेल्या दोन नेमक्या जीव धोक्यात असलेल्या होत्या.

तोंडातला पिवळा थर दिसला म्हणजे देवीच, असंही नाही. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर अन्ननलिकेत पांढरे दाणे येतात, पण ते बारीक असतात आणि पुसले की सहज निघतात. कँडिडा बुरशी दुधाच्या सायीसारखी बसते आणि तिचं मुख्य ठाणं गळ्याची पिशवी. कबुतरांना होतो तो ट्रायकोमोनासचा रोग गावात कबुतरं पाळणारं घर असेल तर लक्षात ठेवावा. श्वासनलिकेचा दुसरा एक विषाणूजन्य रोग आहे, आयएलटी. त्यात पक्षी तसाच मान ताणतो, पण खोकताना रक्ताळ शेंबूड उडतो, भिंतीवर शिंतोडे दिसतात, आणि अंगावर फोड कुणालाच नसतात. इथे त्याच कळपातल्या बाकीच्यांच्या तुऱ्यावर देवी उघड दिसत होती, म्हणून पारडं एका बाजूला झुकलं.

सकाळी मेलेली एक कोंबडी काकींनी पोत्यात गुंडाळून ठेवली होती. मास्क-हातमोजे घालून ती आगराच्या कडेला उघडली. श्वासनलिकेच्या तोंडात चीजसारखा बोळा अडकलेला, त्याखाली नलिकेच्या आतल्या भिंतीवर पांढरे उंचवटे. पोटातल्या ग्रंथिल जठरावर मानमोडीत दिसतात तसे रक्ताचे ठिपके नव्हते, आतडी साफ होती. आधीच्या दोन मेल्या त्या पुरून झाल्या होत्या. त्या कशाने गेल्या हे मी कागदावर लिहिलेलं नाही.

दोन तलंगांच्या खपल्या मुळासकट कापून आणि श्वासनलिकेचा तुकडा असे नमुने घेतले. अर्धे फॉर्मलिनमध्ये, अर्धे बर्फात. खपली नुसती ओरबाडून पाठवली तर प्रयोगशाळेला उपयोग नसतो, कारण पाहायचं असतं ते खालच्या जिवंत पेशींत. विषाणू तिथे पेशीद्रवात आपली वसाहत करतो आणि रंगवलेल्या कापावर ती गुलाबी गोळ्यासारखी दिसते. तिला बोलिंगर पिंड म्हणतात. ओटो बोलिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८७३ साली पाहिले, म्हणजे विषाणू नावाची काही चीज असते हे जगाला कळायच्या आधी. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणाऱ्या विषाणूच्या इतक्या मोठ्या खुणा फार थोड्या आहेत. पुण्याहून अहवाल नवव्या दिवशी आला: बोलिंगर पिंड आहेत, आणि पी४बी या जनुकावरची पीसीआर चाचणीही होकारार्थी. पण नऊ दिवस कुणी हात बांधून बसत नाही. अहवाल फाईलसाठी आणि पुढच्या वेळेसाठी. काम त्याच रात्री सुरू झालं.

काम सुरू करण्याआधी मात्र नावाचा गोंधळ निस्तरावा लागला. काकींच्या मुलाचा मुंबईहून फोन आला, तो स्पीकरवर टाकलेला: "आई, तो चिकनपॉक्स आहे, नेटवर वाचलं मी. पोरांना तिकडे जाऊ देऊ नको." चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या, त्यात कोंबडीचा काही संबंध नाही, तो विषाणूच वेगळ्या घराण्यातला. हे त्याला समजावतेय तोवर पडवीत बसलेल्या आजींनी पोलक्याची बाही वर केली आणि दंडावरची खूण दाखवली. "ही बघ, मला देवी काढलेली. देवी गेली म्हणाले होते ना सरकारवाले? मग कोंबड्यांत कशी आली?" प्रश्न अगदी रास्त होता. माणसांची देवी खरंच गेली, १९८० साली जगभरातून गेल्याचं जाहीर झालं. कोंबड्यांची देवी तिच्याच मोठ्या घराण्यातली, पण शाखा वेगळी, फक्त पाखरांची. माणसाला ती होत नाही. मराठीने दोघींना एकच नाव दिलं, हे दिसण्यापुरतं बरोबर आहे आणि भीतीपुरतं चूक. आजींचं फार समाधान झालं असं वाटलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी खुराड्यावर कडुलिंबाची डहाळी खोचलेली मी पाहिली.

उपचार म्हणून सांगण्यासारखं थोडंच. विषाणूवर औषध नाही. १४ पक्षी मच्छरदाणी लावलेल्या गोठ्याच्या कोपऱ्यात हलवले. डोळे कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा पुसायचे, खपल्या ओढायच्या नाहीत, पडलेल्या खपल्या झाडून जाळायच्या, कारण सुकलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. खायला शिजवलेली कणी, कारण दुखऱ्या घशातून दाणा उतरत नाही. फोडांवर काकी हळद-खोबरेल लावत होत्या, ते लावू दिलं, निदान माश्या बसत नाहीत. शेजाऱ्याने सुचवलेलं रॉकेल मात्र नाही. प्रतिजैविक द्यायचं ते फक्त ज्यांच्या डोळ्यात पू धरलाय त्यांना, आणि त्यांची अंडी तेवढे दिवस खायची नाहीत. तांबडीच्या घशातला थर मी चिमट्याने जमेल तेवढा काढला, खाली आयोडीनचा बोळा फिरवला. तिचा आवाज थांबला. दुसरी, तशीच घसा बंद झालेली, त्या रात्रीच गेली.

न लागलेल्या २६ पक्ष्यांना लस टोचायची की नाही यावर मी जरा घुटमळले. साथ चालू असताना टोचू नये असा समज आहे. देवीच्या बाबतीत कळपातले थोडेच पक्षी लागलेले असतील तर उरलेल्यांना टोचणं फायद्याचं ठरतं, कारण रोग हळू चालतो आणि लस त्याला गाठू शकते. इथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त लागलेले होते, म्हणजे वेळ काठावरची. तरी टोचायचं ठरवलं, मुख्यतः पिल्लांसाठी. लस जिवंत विषाणूची, कुपीतली पूड द्रवात विरघळवली की दोन तासांत संपवायची असते. एका घराचे २६ पक्षी आणि कुपीत त्याच्या कितीतरी पट डोस. म्हणून वाडीतल्या सगळ्या घरांना निरोप धाडला आणि दुसऱ्या संध्याकाळी लोक डालग्यातून, पिशव्यांतून कोंबड्या घेऊन आले. पंख उघडून सांध्याजवळची पातळ झिल्ली ताणायची, शीर चुकवायची, लसीत बुडवलेली दुहेरी सुई आरपार घालायची. स्पिरिटने पुसायचं नाही, लसच मरते. आजारी घरातले पक्षी शेवटी टोचले आणि उरलेली लस उकळून फेकली.

आठव्या दिवशी पंख पाहायला गेले. टोचल्या जागी बारीक सूज किंवा खपली आली तरच लस लागली असं समजायचं. जुनी माणसं माणसांच्या बाबतीत म्हणायची तसं, देवी उठली पाहिजे. हे पाहायला सहसा कुणी परत जात नाही, आणि लस टोचूनही रोग आला म्हणणारी प्रकरणं त्यातूनच निघतात. काकींच्या २६ पैकी चौघांना लसीआधीच लागण झालेली असावी, त्यांच्या तोंडावर मधल्या दिवसांत फोड आले. उरलेल्या २२ पैकी १९ जणांची देवी उठली होती. तिघांना पुन्हा टोचलं.

शेवटी आकडा असा राहिला: ४३ पैकी सहा मेले. पहिले तीन, घसा बंद झालेली ती एक, तोंडात थर असलेली एक तलंग आणि एक पिल्लू. फोटोतल्या तलंगीचा डावा डोळा गेला. अंडी रोजची नऊवरून तीनवर आली होती, ती पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. रोग टेम्पोतून आला की आगरातल्या डासांतून, हे ठरवता येत नाही. पहिल्यांदा तलंगाच लागल्या म्हणून माझं बोट टेम्पोकडे जातं, पण त्याच लसीविना असलेल्या अन् नव्या जागेत बुजलेल्या होत्या, डासांनी आधी त्यांना गाठलं असेल तरी हेच चित्र दिसलं असतं. करवंट्या उपड्या केल्या, खुराड्याला चुना मारला, आणि दर वर्षी पावसाच्या आधी सहा-आठ आठवड्यांची पिल्लं वाडीभर एकदम टोचायची असं ठरलं.

तांबडी जगली. गेल्या महिन्यात काकींचा परत एक फोटो आला, यावेळी न सांगता अंगठ्याने चोच उघडून काढलेला, मागे कुणीतरी बॅटरी धरलेली. घसा स्वच्छ गुलाबी होता. मी फोन करून विचारलं, कधीपासून, किती जणींना. "परवापासून, सगळ्याच शिंकतायत." ती खरोखर सर्दी निघाली.